गमाने थकलेले काळीज आणि चिनी काढा

खालूंच्या इंतकालाला वीस-बावीस दिवस झाले असतील. शाळा सुटली की मी थेट खालाजानच्या घरी जायची. त्या दिवशी त्या बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात आल्या आणि तेवढ्या पंधरा पावलांत दोनदा थांबल्या. भिंतीला हात टेकला, लांब उसासा टाकला आणि म्हणाल्या, “बेटी, छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटतं. श्वास पुरतच नाही.” शेजारी बसलेल्या बायका म्हणाल्या, “गम आहे हा. चाळीस वर्षांची साथ सुटली, दिल कमजोर होणारच. सब्र करा.”

गम होताच, त्यात शंका नाही. पण गमाच्या जोडीला आणखी काय होते ते कळायला आम्हाला पुढे अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस आजही माझ्या मनात सलतात.

त्यानंतर काही महिन्यांनी खालूंचा पुतण्या चीनहून आला. तो ईवू शहरातून खेळणी आणि नकली दागिने मागवण्याचा धंदा करतो. ईवूमध्ये अरब, पाकिस्तानी, हिंदुस्थानी अशा कितीतरी मुस्लिम व्यापाऱ्यांची ये-जा असते, तिथे मोठी मशीदही आहे. चाचीसाठी त्याने प्रेमाने एक खोका आणला होता. आत बोटाएवढ्या काचेच्या कुप्या आणि प्रत्येक कुपीबरोबर एक बारीक नळी. “तिथल्या दुकानदाराला मी सांगितलं की चाचा गेल्यापासून चाचीला धाप लागते, दिल घाबरतं. त्याने हेच दिलं. म्हणाला, दुःखाने फुप्फुस आणि दिल थकतं, त्यावर हेच चालतं.”

दुःखाने फुप्फुस थकते, हे ऐकून मी चमकले. आपण दुःखाचा संबंध काळजाशी लावतो. काळीज तुटले म्हणतो, धसका घेतला म्हणतो, उर्दूत दिल बैठ गया म्हणतो. फुप्फुसाचे नाव कुणी घेत नाही. मग हे चिनी लोक असे का म्हणतात? मास्तरकीचा स्वभाव, शोधल्याशिवाय चैन पडेना. त्या वाचनातून जे हाती लागले ते आणि खालाजानच्या आजारपणात जे शिकले ते, दोन्ही इथे मांडते. ज्या घरात नुकताच कुणाचा इंतकाल झाला आहे, त्या घरातल्या भगिनींनी तरी हे वाचावे.

श्वास, उसासा आणि छी

चिनी वैद्यकाचा सर्वांत जुना आणि मानाचा ग्रंथ म्हणजे ‘ह्वांगदी नेइजिंग’. तो साधारण दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झाला. त्यात शरीराच्या पाच मुख्य अवयवांना पाच भावना जोडल्या आहेत. राग यकृताचा, आनंद हृदयाचा, अति विचार प्लीहेचा, भीती मूत्रपिंडाची आणि शोक फुप्फुसाचा. फुप्फुसाचा ऋतू शरद, म्हणजे पानगळीचा. त्याचा रंग पांढरा आणि त्याचा आवाज रडण्याचा.

त्यांच्या मते शरीर ‘छी’ या प्राणशक्तीवर चालते. श्वासातली हवा आणि अन्नाचे सत्त्व यांच्यापासून छातीत जी छी तयार होते, ती दोन कामे करते. एक, श्वास चालवते. दुसरे, हृदयातले रक्त पुढे ढकलते. म्हणजे फुप्फुस आणि हृदय एकाच बैलजोडीतले दोन बैल. शोकात ही छी हळूहळू झिजते, विरून जाते असे तो ग्रंथ सांगतो. मग आधी आवाज खोल जातो, बोलताना दम लागतो, विनाकारण घाम येतो, सारखे उसासे येतात. पुढे दुसरा बैलही अडखळतो, म्हणजे छातीत धडधडते, झोप उडते, जीव घाबरा होतो. चिनी भाषेत दुःखी होण्याला जो रोजचा शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ जखमी हृदय असा आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, नाहीतर मोठा घोटाळा होतो. चिनी वैद्य जेव्हा “तुमचे फुप्फुस कमजोर आहे” म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक्स-रेमधले फुप्फुस नसते. श्वास, त्वचा, घाम, आवाज, सर्दी-खोकल्याशी लढण्याची ताकद आणि शोक सोसण्याची शक्ती, या सगळ्या कारभाराला मिळून तो ‘फुप्फुस’ म्हणतो. आपले हकीमसाहेब ‘जोफे-कल्ब’ म्हणतात तेव्हाही काहीसे असेच असते. तो शब्द आणि हृदयरोगतज्ज्ञाचा ‘हार्ट फेल्युअर’ हा शब्द, दोघांचाही मराठी तर्जुमा ‘हृदयाची कमजोरी’ असाच होतो. पण गोष्टी दोन आहेत. ईवूच्या दुकानदाराने एक ऐकली आणि खालाजानला होती दुसरी.

वैद्याची तपासणी मात्र वाचण्यासारखी आहे. तो जीभ पाहतो, आवाज आणि श्वास ऐकतो, झोप-भूक-घाम विचारतो आणि दोन्ही मनगटांची नाडी तीन-तीन बोटांनी पाहतो. अंगठ्याच्या बाजूचे पहिले स्थान उजव्या हाताला फुप्फुसाचे, डाव्या हाताला हृदयाचे. आपल्याकडच्या जुन्या हकिमांची नब्ज पाहण्याची पद्धत ज्यांनी बघितली आहे, त्यांना हे परके वाटणार नाही.

खजूर नव्हे, उन्नाब

आता त्या कुप्यांकडे येऊ. खोक्यावरची अक्षरे पुतण्याने फोनवरून ईवूच्या ओळखीच्या माणसाला दाखवून वाचून घेतली. औषधाचे नाव शंगमाई, म्हणजे ‘नाडी निर्माण करणारे’. हा आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा नुस्खा आहे आणि त्यात फक्त तीन जिनसा आहेत. पहिली जिनसेंगची मुळी, ती छी वाढवते असे मानतात. दुसरी माईमेनदोंग नावाच्या गवतासारख्या झाडाची गाठाळ मुळी, ती कोरड्या पडलेल्या फुप्फुसाला ओलावा देते. तिसरी वूवेईझी नावाची लाल आंबट फळे. वूवेईझीचा अर्थ पाच चवींचे बी. अंगातली ताकद घामावाटे आणि श्वासावाटे निसटून जाऊ नये म्हणून ती दार लावून घेतात, असे वैद्य सांगतात. मुळात हा नुस्खा उन्हाळ्याने, घामाने थकून नाडी मंद झालेल्यांसाठी वापरात आला. हृदय आणि फुप्फुस दोन्ही एकदम थकले असतील तर चीनमध्ये आजही पहिले नाव याचेच निघते.

पण शोकासाठीचा खरा जुना नुस्खा दुसराच आहे आणि मला तो फार आवडला. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी झांग झोंगजिंग नावाचा थोर वैद्य होऊन गेला. त्याच्या ‘जिनग्वेइ याओल्युए’ या ग्रंथात अशा बाईचे वर्णन आहे, जी सारखी उदास असते, कारण नसताना रडू लागते, पुन्हा पुन्हा जांभया देते, जणू तिच्यावर कुणाची सावली पडली आहे. आपल्याकडे अशा बाईला लगेच कुणाकडे तरी झाडफुंक करायला नेतात. झांगने तिला काय दिले? गहू, ज्येष्ठमध आणि लाल बोरे. बस्स! तिन्ही पाण्यात उकळून गाळलेला गोड काढा. एका काढ्याला दहा बोरे. ही चिनी लाल बोरे म्हणजे आपल्या अत्ताराच्या दुकानातले उन्नाब. जोशांद्याच्या पुडीत मुलेठीच्या तुकड्यांबरोबर ती सुरकुतलेली लाल-तपकिरी फळे असतात ना, तीच. अनेक जण त्यांना खजूर समजतात.

याच ग्रंथात आणखी एक आजार आहे, ज्यात माणूस खायचे म्हणतो आणि खाऊ शकत नाही, झोपायचे म्हणतो आणि झोपू शकत नाही, चालायचे म्हणतो आणि पाऊल उचलत नाही. घरात मय्यत झालेल्यांना हे वर्णन वेगळे समजावून सांगायला नको. त्यावर पांढऱ्या लिलीचा कंद दिला जाई. चीनमध्ये हा कंद आजही पेजेत, सूपमध्ये घालून खातात, विशेषतः शरदात, फुप्फुसासाठी.

काढा मातीच्या भांड्यात करतात, लोखंडाच्या नाही. तीच औषधे दोनदा उकळून दोन्ही पाणी एकत्र करायचे आणि सकाळ-संध्याकाळ कोमट प्यायचे. वैद्य आठवड्याने पुन्हा नाडी पाहून एखादी जिन्नस काढतो, एखादी घालतो. म्हणजे तयार कुपी दुकानातून उचलणे ही त्यांच्या परंपरेतलीही आदर्श पद्धत नव्हे.

औषधांविषयी एवढे लिहिले, पण एक किस्सा औषधाशिवायचा आहे. साधारण आठशे वर्षांपूर्वीचा झांग त्सोंगझेंग नावाचा वैद्य. त्याच्याकडे एका अधिकाऱ्याचा रोग आला. त्याच्या वडिलांना दरोडेखोरांनी मारले होते. बातमी ऐकून तो खूप रडला आणि रडणे थांबल्यावर छातीखाली दुखू लागले. महिनाभरात तिथे पालथ्या पेल्यासारखा गोळा तयार झाला. काढे झाले, काही उपयोग नाही. झांग पोहोचला तेव्हा रोग्याजवळ एक मांत्रिक बसलेला. झांगने औषध दिलेच नाही. त्याने त्या मांत्रिकाची नक्कल करायला सुरुवात केली, वेडेवाकडे बडबडू लागला. रोग्याला हसू आवरेना, तो तोंड भिंतीकडे करून हसत राहिला. एक-दोन दिवसांत गोळा विरला असे झांगने लिहून ठेवले आहे. आनंद शोकाला जिंकतो या जुन्या सूत्रावर त्याने हे केले. अर्थात नुकत्याच विधवा झालेल्या बाईसमोर जाऊन कुणी असे चाळे करू नयेत!

हे वाचताना मला आठवले की खालाजान नीट रडल्याच नव्हत्या. पहिल्याच दिवशी कुणीतरी दरडावले होते, “रडू नका, मय्यतीला त्रास होतो.” छाती बडवून आक्रोश करण्याची मनाई आहे, आसवांची नाही. आपल्या चिमुकल्या इब्राहीमच्या वफातीच्या वेळी खुद्द प्रेषित (स.) यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिले होते. चिनी वैद्याच्या हिशेबात तर रडणे हा फुप्फुसाचा स्वतःचा आवाजच आहे.

चीन आपल्याला तितका परका नाही

चिनी औषध म्हटले की आपल्याला ते दुसऱ्या जगातले वाटते. तसे नाही. दहाव्या शतकात चीनमध्ये ली श्युन नावाच्या माणसाने समुद्रापारच्या औषधांवर पुस्तक लिहिले, त्याचे घराणे मूळचे इराणी. मंगोल राजवटीत १२९२ साली राजधानीत सरकारी ‘मुस्लिम औषध कार्यालय’ उघडले गेले. ‘हुईहुई याओफांग’, म्हणजे मुसलमानांचे नुस्खे, हा चिनी भाषेतला ३६ भागांचा ग्रंथ होता. त्यातले चारच भाग आता बीजिंगच्या राष्ट्रीय ग्रंथालयात उरले आहेत. चिनी मजकुराच्या मध्येमध्ये औषधांची नावे अरबी-फारसी लिपीत लिहिलेली आहेत. उलट दिशेने १३१३ साली इराणमध्ये वजीर रशीदुद्दीन यांच्या देखरेखीखाली चिनी नाडीशास्त्राचा फारसीत तर्जुमा झाला.

आणि इब्ने सीना! त्यांनी हृदयाच्या औषधांवर स्वतंत्र रिसाला लिहिला आहे, ‘अल-अदविया अल-कल्बिया’. उर्दूतही त्याचा तर्जुमा झाला आहे. आनंद आणि गम यांचा हृदयातल्या रूहशी काय संबंध आहे, काही माणसे लवकर दुःखी का होतात, याची चर्चा करून मग ते औषधांकडे वळतात. हृदयाला उल्हास देणाऱ्या औषधांना ‘मुफर्रेह’ म्हणतात. खमीरा गावजबान, दवाउल-मिस्क ही आपल्या आजी-नानींच्या कपाटातली नावे त्याच घराण्यातली. चिनी वैद्याने शोक फुप्फुसात ठेवला, इब्ने सीनांनी हृदयात. पण दुःख नुसते मनात राहत नाही, ते अंगात उतरते, यावर दोघांचे एकमत.

त्याच्याही आधी हजरत आयशा (रजि.) यांच्या घरची रीत होती. घरात कुणाचा इंतकाल झाला, बायका जमून परत गेल्या, घरची माणसे तेवढी उरली की त्या तलबीना शिजवायला सांगत. तलबीना म्हणजे जवाच्या पिठाची दुधासारखी पातळ खीर. ती आजाऱ्याच्या हृदयाला आराम देते आणि गम काहीसा हलका करते असे प्रेषित (स.) यांच्याकडून ऐकल्याचे त्यांनी सांगितले आहे. बुखारी शरीफमध्ये ही हदीस आहे. ‘काहीसा’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. गम पूर्ण जातो असे तिथे म्हटलेले नाही. इकडे जव, तिकडे गहू. दोन्हीकडे चूल पेटवून दुःखी माणसाच्या हातात काहीतरी ऊन आणि मऊ दिले जाते.

ते अकरा दिवस

आता खालाजानकडे परत येते. त्यांना धाप लागते म्हणून घरातल्यांनी रोज रात्री जोशांदा सुरू केला. गल्लीतल्या एका डॉक्टरांनी न तपासताच, “टेन्शन आहे, गॅस आहे” म्हणून गोळ्या दिल्या. मोठ्या दवाखान्यात न्यावे असे मी म्हटले, तर एका नातेवाइकांनी अडवले. “इद्दतीत बाईने घराबाहेर पडायचे नाही.” मीही गप्प बसले. हा माझा दोष आहे, तो कुणावर ढकलत नाही.

तेहतिसाव्या दिवशी सकाळी मी त्यांचे अंथरूण आवरायला गेले आणि तिथे तीन उशा दिसल्या. विचारले तर म्हणाल्या, “आडवं झालं की गुदमरतं बेटी, बसूनच झोपते.” पाय पाहिले तर सुजलेले. घोट्यावर बोट दाबले तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. मग मी कुणाचे ऐकले नाही. जवळच्या मौलवीसाहेबांना फोन केला. ते उलट माझ्यावरच रागावले. “इलाजासाठी इद्दतीत बाहेर जाता येतं, हे तुम्हाला शिकल्या-सवरलेल्यांना सांगायला लागतं?”

इसीजीत हृदयाचे ठोके अनियमित निघाले आणि टू-डी इकोमध्ये हृदयाची एक झडप अरुंद झालेली दिसली. लहानपणी सांधे सुजून ताप येत असे का, असे डॉक्टरांनी विचारले. येत असे. त्या तापाने तेव्हाच झडपेला इजा केली होती, ती इतकी वर्षे निमूटपणे अरुंद होत गेली. जागरण, उपास, गम आणि बेताल धडधड, यांनी सगळे एकदम उघड्यावर आणले. फुप्फुसात पाणी साचले होते. “छातीवर पाटा” होता तो हा. आणि रोजच्या जोशांद्यातली मुलेठी अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवते, तिने सूज वाढवली असावी, असेही डॉक्टर म्हणाले. आम्ही मायेने पाजत होतो.

पाणी काढण्याच्या, ठोके ताब्यात ठेवण्याच्या आणि रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या वॉरफेरिनच्या गोळ्या सुरू झाल्या. अल्लाहच्या कृपेने पंधरा दिवसांत त्या एका उशीवर झोपू लागल्या. वॉरफेरिनसाठी दर महिन्याला आयएनआर नावाची रक्ततपासणी करावी लागते. त्यांचा आकडा दोन ते तीनच्या मध्ये हवा असतो. चार महिने तो व्यवस्थित होता. पाचव्या महिन्यात एकदम १.४ आला, म्हणजे गुठळीचा धोका. डॉक्टरांनी विचारले, “नवीन काय खाल्लं? पालेभाजी जास्त? कुणाचं औषध?” खालाजान माझ्याकडे पाहीनात. घरी आल्यावर कपाटातून तो खोका निघाला. अर्ध्या कुप्या रिकाम्या. “पोरगा एवढ्या लांबून घेऊन आला, त्याचं मन कसं मोडायचं? आणि झाडपाल्याचंच तर आहे.”

जिनसेंग वॉरफेरिनचा असर कमी करू शकते, हे वैद्यकात नोंदलेले आहे. कुप्या बंद केल्या, डोस तपासला, आकडा पुन्हा दोनच्या वर आला. तो कुप्यांमुळेच उतरला होता का, हे शपथेवर कुणी सांगू शकणार नाही. पण तेवढी शंका पुरेशी आहे.

अभ्यास काय सांगतो

गमाने माणूस खरोखर मरू शकतो का? १९६९ साली इंग्लंडमध्ये ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांची पाहणी प्रसिद्ध झाली. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होते आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. २०१२ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात असे दिसले की जवळचे माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका नेहमीच्या सुमारे २१ पट असतो, पुढे तो दिवसागणिक उतरत जातो. जपानी डॉक्टरांनी १९९० साली एक आजार नोंदवला. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगून ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याचे नाव ताकोत्सुबो. रक्तवाहिन्या मोकळ्या असतात, तरी दुखणे थेट झटक्यासारखेच. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो आणि वेळेवर इलाज झाला तर बहुतेकींचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते.

म्हणजे दुःखाने हृदय थकते हे जुन्या वैद्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. त्यांचा इलाज कितपत खरा, हा वेगळा प्रश्न. शंगमाईवर चीनमध्ये पुष्कळ प्रयोग झाले आहेत. हृदयाच्या कमजोरीत नेहमीच्या औषधांबरोबर दिल्यास थोडा फायदा दिसतो, पण बहुतेक प्रयोग लहान आणि ढिसाळ, त्यामुळे त्यांच्यावर ठाम विसंबता येत नाही, असे त्यांची छाननी करणाऱ्या तज्ज्ञांचे मत पडले. अलीकडे एक मोठा आणि काटेकोर प्रयोग झाला. जिनसेंगसह अकरा जिनसांची ‘छीली छियांगशिन’ नावाची कॅप्सूल तीन हजारांहून जास्त रुग्णांवर तपासली गेली. त्याचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. सुमारे दीड वर्षात दवाखान्यात भरती होणे किंवा हृदयविकाराने मृत्यू, यांचे प्रमाण खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांत ३० टक्के होते, खरी घेणाऱ्यांत २५. फरक लहान म्हणता येणार नाही. मात्र ते सगळे रुग्ण आपली नेहमीची औषधे चालू ठेवून, डॉक्टरांच्या नजरेखाली ती घेत होते. कुणी कपाटात लपवून घेत नव्हते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९० च्या दशकात ब्रसेल्सच्या एका दवाखान्यात वजन कमी करण्यासाठी दिलेल्या चिनी वनस्पतींच्या मिश्रणात चुकीची मुळी गेली आणि शंभराच्या वर लोकांची, बहुतेक स्त्रियांचीच, मूत्रपिंडे निकामी झाली. हृदयासाठी चिनी नुस्ख्यांत वापरली जाणारी ‘फूझी’ म्हणजे आपल्या बचनागाची बहीण. नीट शोधन झाले नाही तर तीच हृदय बंद पाडते. ‘दानशेन’ नावाची लाल मुळी वॉरफेरिनचा असर उलट वाढवते, त्याने रक्तस्राव होऊ शकतो. गहू-ज्येष्ठमध-बोरांचा तो गोड काढासुद्धा रक्तदाब असलेल्या किंवा पाणी काढण्याच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला रोज देऊ नये. ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते.

आपल्यासाठी एक वेगळी बाबही आहे. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी झांग झोंगजिंगचाच एक प्रसिद्ध काढा आहे. तो मूळ पद्धतीत दारू घालून उकळतात आणि त्यात गाढवाच्या कातड्याचा डिंक, ‘अजियाओ’, पडतो. तयार गोळ्या-कुप्यांवर हे चिनी अक्षरांत लिहिलेले असते, आपल्याला कळत नाही. या डिंकापायी आफ्रिकेतली गाढवे इतकी कापली जाऊ लागली की २०२४ च्या फेब्रुवारीत आफ्रिकन युनियनने कातड्यासाठी त्यांच्या कत्तलीवर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. चीनमधून आलेल्या भेटीचा खोका उघडण्याआधी त्यात काय आहे हे विचारण्यात काही बेअदबी नाही.

घरात मय्यत झाली असेल तर पहिले काही आठवडे एवढे पाहा: उशा वाढल्या का? पाय सुजले का? जिना चढताना थांबावे लागते का? छातीत दुखून घाम फुटतो का? ठोके बेताल पडतात का? यातले काहीही असेल तर आधी इसीजी, मग काढ्याची गोष्ट. काहीच नसेल, नुसते उसासे असतील, भूक मेली असेल, आवाज खोल गेला असेल, तर जवळ बसा आणि रडू द्या. खायला तलबीना करा. वाटीभर जवाचे पीठ तव्यावर कोरडेच हलके भाजून घ्या, चार वाट्या पाण्यात गुठळी न होऊ देता पंधरा मिनिटे मंद आचेवर शिजवा, मग दूध घाला आणि उतरवल्यावर थोडा मध. मधुमेह असेल तर मध नको. आणि महिनोन्‌महिने काहीच उजळेना झाले तर मनाच्या डॉक्टरांकडे जायलाही लाजू नका.

खालाजान आता बऱ्या आहेत. झडपेच्या ऑपरेशनचे डॉक्टर बोलले आहेत, तारीख अजून ठरायची आहे. पुतण्याला सगळे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा पडला. खालाजाननीच त्याला जवळ बसवून डोक्यावरून हात फिरवला. उरलेल्या कुप्या त्या टाकू देत नाहीत, “पोराने आणल्यात” म्हणतात. म्हणून त्या माझ्या घरी, माझ्या कपाटात, कुलपात आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी मी त्यांना रक्त तपासायला घेऊन जाते. परतताना त्या रिक्षा कब्रस्तानच्या रस्त्याने घ्यायला लावतात, फाटकापाशी थांबवतात, आत बसूनच फातेहा पढतात आणि पदराने डोळे पुसतात. रिक्षावाला आता ओळखीचा झाला आहे, तोवर तो इंजिन बंद ठेवतो.